चाल – स्वतंत्र

"हात द्या जरा, भाऊ."

असं म्हणून मास्तर समोरच्याचं मनगट धरायचे, त्याचा हात टेबलावर उताणा ठेवायचे आणि त्यावर चार बोटांनी ठेका धरायचे. तोंडानं काहीतरी गुणगुणायचे. दोन ओळी झाल्या की डोळे बारीक करून विचारायचे, "कशासारखी वाटते?"

या प्रश्नाचं एकच उत्तर त्यांना हवं होतं आणि मी वर्षानुवर्षं दुसरंच देत आलो.

मास्तर हे काही मास्तर नव्हते. लोहाऱ्याला आम्ही एकाच कचेरीत होतो. ते आवक-जावकला कारकून, मी शेजारच्या टेबलावर. रविवारी चर्चमधल्या लेकरांना गाणी शिकवायचे, त्या गाण्यांना चाली लावायचे, म्हणून मास्तर. नाव सांगत नाही. नाव सांगितलेलं त्यांनाही आवडलं नसतं.

अर्जावर शिक्का मारायचा तर आपण एकदा पॅडवर मारतो आणि एकदा कागदावर. मास्तर पॅडवर दोनदा हलके मारायचे आणि कागदावर एकदा भारी. रांग मोठी असली की लय चढत जायची. एकदा एक म्हातारबा अर्ज देऊन झाला तरी खिडकीपासून हलेना. मी विचारलं, "बाबा, काय राहिलंय?" तर म्हणाला, "काय न्हाय, चालू द्या तुमचं. भजनात बसल्यागत वाटालंय."

आमच्या अव्वल कारकूनबाई आतून ओरडायच्या, "मास्तर, कचेरी आहे ही. मंडप न्हाय."

"व्हय मॅडम," म्हणून मास्तर उठायचे, व्हरांड्यात एक फेरी मारायचे, परत यायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. त्यांचा चहा मी कधी गरम संपलेला पाहिला नाही. चहावर साय धरली की ओळखावं, पोटात चाल आहे.

आता त्यांचं दुखणं काय ते सांगतो. गाण्यांच्या छोट्या पुस्तिका तुम्ही पाहिल्या असतील. गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात एक ओळ असते, 'चाल – अमुक अमुक'. म्हणजे हे नवं गाणं त्या जुन्या गाण्याच्या चालीवर म्हणा. भजनाच्या वह्यांत असते, शाळेच्या स्वागतगीतावर असते, निवडणुकीच्या पत्रकावर तर असतेच. चर्चच्या गाण्यांवरही असते. पण क्वचित एखाद्या गाण्यावर छापलेलं असतं, 'चाल – स्वतंत्र'. म्हणजे कुणाकडून काही घेतलेलं नाही.

मास्तरांना जन्मात तेवढं एक पाहिजे होतं. "नाव नको, भाऊ. नाव देवाचं. पण डोक्यावर स्वतंत्र पाहिजे. एकदाच."

अडचण अशी होती की मास्तरांचा कान दारं-खिडक्या नसलेल्या घरासारखा होता. जे येईल ते आत. आणि आत गेलेलं काही दिवसांनी त्यांच्या तोंडून त्यांचं होऊन बाहेर यायचं. ते कुठून आलं हे शोधायचं काम माझं. मला गाता येत नाही. लहानपणी आमच्या भजनी मंडळानं माझ्या हातातले टाळ काढून घेऊन मला पत्रावळ्या मांडायला पाठवलं होतं आणि तो निर्णय बरोबर होता. पण ऐकलेली चाल मी विसरत नाही. एवढी एकच विद्या देवानं दिली, तीही दुसऱ्याच्या कामाची.

एकदा मास्तर फार तयारीनं आले. ठेका झाला, दोन ओळी झाल्या. मी म्हणालो, "देवीच्या आराध्यांचं आहे, मास्तर."

"कुठंय?"

"दुसऱ्या ओळीला. मला परडी दिसली."

मास्तरांनी माझा हात असा सोडला की जणू मीच चोरी केली होती. संध्याकाळी चर्चच्या पाळकसाहेबांकडं जाऊन त्यांनी कबूल केलं की लेकरांच्या गाण्यात आराध्यांची चाल आली. पाळकसाहेब हसले. "असू द्या की. तुळजापूर काय लांब आहे का इथून."

पण मास्तरांनी ती चाल टाकली. पुढची उरुसातल्या कव्वालीची निघाली. त्याच्या पुढची दंतमंजनाच्या जाहिरातीची. तिच्यावर तर लेकरं आनंदानं दात घासल्यासारखे हात हलवायची, तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

या सगळ्यात माझाही संसार नासला. आमच्या हिनं कुकरची शिट्टी झाली की विचारायचं, "ही कशासारखी वाटली?" पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना मी शेजारच्या पाहुण्याला म्हणालो की, दुसरी मंगलाष्टका आमच्या शाळेतल्या सतराच्या पाढ्यासारखी आहे. तो पाहुणा मुलीचा मामा निघाला. त्यानंतर त्या घरानं मला दिवाळीचा फराळ पाठवलेला नाही.

बरं, बसलेली चालही मास्तर बसू द्यायचे नाहीत. या रविवारी लेकरांना शिकवलं की पुढच्या रविवारी तिसरी ओळ वेगळी. लेकरं वैतागायची. पुढच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती, तिनं एकदा भर वर्गात विचारलं, "मास्तर, येशूला तरी कळंल का, ह्यातली खरी कुठली?"

"त्याला कळंल, मलाच कळंना," मास्तर म्हणाले आणि पेटीचा भाता सोडून बाहेर फेरी मारायला गेले.

मग त्या उन्हाळ्यात चिमण्यांचं गाणं आलं.

मे महिन्यात चर्चमध्ये लेकरांची सुट्टीतली शाळा भरते. तिच्यासाठी पाळकीणबाईंनी एक गाणं लिहिलं, 'दाणा दाणा वेचू आम्ही येशूच्या अंगणी'. साधं होतं. चिमण्या आहेत, अंगण आहे, हाकलणारं कुणी नाही. लेकरांच्या गाण्यांची एक पुस्तिका उमरग्याच्या छापखान्यात जायची होती आणि हे गाणं तिच्यात पहिलं होतं. पहिल्या गाण्याच्या डोक्यावर काय छापायचं, हा मास्तरांच्या दृष्टीनं त्या उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. पुस्तिका पुन्हा कधी निघेल याची खात्री नव्हती आणि त्यांच्या निवृत्तीला फार अवकाश उरला नव्हता.

त्यांनी चाल लावली. कचेरीच्या मागं लिंबाखाली गाड्या लावतो तिथं मला गाठलं. हात, ठेका, दोन ओळी. शेवटी 'अंगणी'वर सूर सरळ वर चढायचा, तिथं जरा लोंबकळायचा आणि खाली उडी मारायचा. मी पुन्हा म्हणायला लावलं.

"कशासारखी?"

"सापडंना, मास्तर."

"सापडंना म्हणजे न्हाय, का सापडंना?"

"शेवटाला कायतरी ओळखीचं आहे. बाजारात माणूस भेटतो, चेहरा कळतो, नाव येत न्हाय, तसं."

खरं तर "काही नाही" म्हणून मोकळा झालो असतो तर दोघांनाही बरं झालं असतं. त्यानंतर मास्तर दिवसातून किती वेळा माझ्या टेबलाशी आले ते सांगत नाही. "आलं का नाव?" जेवताना, फायली बांधताना, एकदा तर मी साहेबांपुढं उभा असताना दारातून भुवयांनी विचारलं. साहेबांना वाटलं, त्यांनाच विचारतायत.

शेवटी ते म्हणाले, "लेकरांच्या तोंडून ऐका. माझ्या घशानं काय खरं नव्हं."

म्हणून शनिवारी दुपारी मी चर्चच्या अंगणात गेलो. वर कापडी मांडव, खाली सतरंजीवर लेकरं, मास्तर पेटीवर. बाहेर रस्त्यावर ऊन नुसतं उभं होतं. लेकरांनी गाणं धरलं आणि काय सांगू, छान वाटलं. ती चाल लेकरांना अंगच्या कपड्यासारखी आली होती. 'येशूच्या अंगणी' म्हणताना सगळी मान वर करून चढली, लोंबकळली आणि खाली उडी मारली.

फाटकाशी सायकल थांबली. गारेगारवाला होता. मागच्या डब्याचं झाकण उघडून तो आत डोकावला. "किती काढू, मास्तर?"

"कशाचं?"

"गारेगार. तुमीच बुलावलं ना. लेकरं आवाज दिले की."

"आम्ही गाणं म्हणालोत."

"व्हय का," म्हणून तो बिचारा झाकण लावून निघाला, आणि जाता जाता सवयीनं त्यानं आपली हाळी दिली. "गारेऽऽगार." वर चढली, लोंबकळली, खाली उडी.

मला नाव आलं. सांगायची गरज राहिली नव्हती. लेकरं सतरंजीवर लोळून हसत होती. रोज दुपारी आमच्या कचेरीच्या खिडकीखालून जाणारी ती हाळी मास्तरांच्या कानातून आत शिरून चिमण्यांच्या अंगणात येऊन बसली होती.

मास्तरांनी त्याला परत बोलावलं आणि सगळ्या लेकरांना गारेगार दिलं. मलाही. स्वतःही एक घेतलं आणि पेटीशी बसून राहिले. ते त्यांच्या हातातच वितळलं. लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी त्यांना कळलं नाही.

मी म्हणालो, "शेवटची ओळ बदला. तुम्हाला काय अवघड आहे."

जो माणूस कारण नसताना ओळ बदलायचा, तो त्या दिवशी मान हलवत म्हणाला, "न्हाय. लेकरांना बसलीय ती. आधी ही कुणाची हाय ते बघू. त्याचीच असंल तर त्याचंच लिहू वरी."

"काय लिहाल? चाल – गारेगार?"

"लिहू."

गारेगारवाल्याला विचारलं तर तो गडबडला. त्याला वाटलं तक्रार आली. "माझी कुठं, मास्तर. अब्बाची हाय. अब्बा असंच ओरडायचे, मी बी तसंच ओरडतो. ते आता ढोकीला असतेत, भावाकडं."

पुस्तिका सोमवारी छापखान्यात जायची. रविवारी उपासना सुटल्या सुटल्या मास्तर माझ्या दारात उभे. आमची ही म्हणाली, "ढोकी? ह्या उन्हात? कशाला?" मी खरं कारण सांगितलं. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि पाण्याची बाटली भरून दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस भांडणं निवडून करतो.

मोटारसायकल माझी. मास्तर मागं बसून माझ्या पाठीवर ठेका धरत होते. रस्त्यात खड्डा आला की ठेका चुकायचा आणि ते पहिल्यापासून धरायचे, त्यामुळं त्या रस्त्यावर एकही आवर्तन पूर्ण झालं नाही.

गारेगारवाल्याच्या अब्बांचं, म्हाताऱ्या चाचांचं, घर साखर कारखान्याच्या रस्त्याला. ते दारातल्या बाजेवर बसले होते. हंगाम संपलेला, रस्ता मोकळा, कडेला उसाची वाळलेली चिपाडं. आम्ही कशासाठी आलोय हे त्यांना पटेना. मास्तरांनी दोनदा समजावून सांगितलं, मग तिसऱ्यांदा म्हणूनच दाखवलं. चाचा ऐकत राहिले.

"ही माझी न्हाय," ते म्हणाले.

मास्तर बाजेच्या कडेवर टेकले. "मग?"

"आपण कुठं ओरडायचो? आपल्या सायकलला घंटी होती, तीच वाजवायची. ओरडायची ती तोडणीवाल्याची लेकरं. आईबाप फडात, लेकरं रस्त्याला. खिशात काय न्हाय. नुसती सायकलच्या मागं पळायची, 'थांऽऽब बाबा, थांऽऽब बाबा'. लई लांबपर्यंत."

"मग तुम्ही थांबायचे?"

"कधी थांबायचो, कधी न्हाय. रोज कुठं परवडतंय, मास्तर." चाचांनी पाय बाजेवर घेतले. "एका साली उसच न्हवता. कारखाना लागला न्हाय. टोळ्या आल्या न्हाईत. ह्या रस्त्यानं सायकल काढली तर मागं कोण न्हाय. नुसती घंटी. मला लई सुनं सुनं वाटाय लागलं. मग मीच ओरडाय लागलो, तसंच. पुढं तीच सवय पडली."

मास्तरांनी विचारलं, "लेकरं ओरडायची तसं ओरडून दाखवता का?"

चाचांनी आढेवेढे घेतले, सुनेनं आत हसू दाबलं, पण मग त्यांनी गळा बारीक करून ते म्हटलं. आवाज फाटला. तरी कळलं. मास्तरांच्या गाण्यातला सूर वर जाऊन नुसता लोंबकळत होता, चाचांचा सायकलच्या मागं धावत होता.

मास्तर म्हणाले, "आमच्या लेकरांच्या गाण्यात घेतली तर चालंल का?"

"मला काय इचारता? लेकराची हाय. लेकरालाच द्यालाव ना?"

"व्हय."

"मग."

सुनेनं चहा आणला. मास्तरांनी तो गरम प्यायला. येताना माझ्या पाठीवर त्यांचे हात नुसते टेकलेले होते. मला सवय नसल्यानं मीच दोनदा मान वळवून पाहिलं, माणूस आहे का पडला.

त्याच संध्याकाळी त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं की गाण्यावर 'चाल – लेकरांची' असं छापा. पाळकसाहेब पेचात पडले. "मास्तर, लेकरांची म्हणजे कुठलं गाणं? लोक विचारतील ना. त्यापेक्षा स्वतंत्र टाकतो. तुमची तेवढी इच्छा आहे, आम्हाला काय माहीत नाही का? आणि कोण येतंय तपासायला?"

मी शेजारीच उभा होतो. मास्तरांचा हात खांबावर होता, बोटं एकदा हलली. मला वाटलं, घेतील.

"कोण तपासायला येत न्हाय," ते म्हणाले, "पण ती लेकरं पळालीत हो तिच्यामागं."

पुस्तिका आली. पहिल्या गाण्यावर 'चाल – लेकरांची'. कचेरीत मला दाखवायला आणली. मी म्हणालो, "गेलं की हो तुमचं स्वतंत्र."

"गेलं," म्हणाले. तेवढ्यात उठले, व्हरांड्यात फेरी मारून आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "हात द्या जरा."

म्हणजे रोग काही बरा झाला नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांचं भाषण चालू असताना ते नारळावर ठेका धरत होते. पुढं लेकीनं त्यांना लातूरला नेलं. बीपी होतं, डॉक्टरनं स्वस्थ बसायला सांगितलं. स्वस्थ बसणं ही मास्तरांच्या बाबतीत औषधाची चिठ्ठी नव्हती, शिक्षा होती. ते मला फोन करायला लागले, नेमके कामाच्या वेळी. हात धरता येत नसे म्हणून फोनवरच बोटं वाजवायचे. कानात कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटायचं. मी ऐकायचो आणि सांगायचो, ही गोंधळातली, ही पाळण्याची, ही तुमचीच तीन वर्षांपूर्वीची. "आपलीच चोरी बी पकडालाव की राव," म्हणून हसायचे आणि फोन ठेवायचे.

एका दुपारी असाच फोन आला. त्यांनी म्हटलं. मी वाट पाहत राहिलो. दोन ओळींत कुणाचा तरी चेहरा येतोच. आला नाही. ओळखीचं पण नाव न येणारं, असंही काही नव्हतं. मी पुन्हा म्हणायला लावलं. परक्या गावातून सकाळी चालत जावं आणि कुणी हटकू नये, तसं झालं.

"कशासारखी?"

"कशासारखीच न्हाय, मास्तर."

"नीट ऐकलाव का? तिकडं गाड्यांचा गलका हाय."

"नीट ऐकलं."

"थांबा, परत म्हणतो." परत म्हटलं. मी परत तेच सांगितलं. "स्वतंत्र आहे."

"मग कायतरी चुकलं असंल," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या ओळीत एक जागा ढिली हाय. बसवतो. रविवारी सांगतो तुमाला."

"फोनमध्येच भरून पाठवा की."

"कच्ची भरू न्हाय, भाऊ."

रविवार यायच्या आत त्यांच्या लेकीचा फोन आला. आम्ही जीप करून गेलो, पाळकसाहेब, पाळकीणबाई, आमची ही, मी आणि वर्गातली मोठी लेकरं. कबरीपाशी लेकरांनी चिमण्यांचं गाणं म्हटलं. मला तिथं धड उभं राहवेना. मी मागं जाऊन फाटकापर्यंत फेऱ्या मारत होतो. आमची ही नंतर म्हणाली, "तुम्हाला आता त्यांची हवा लागली."

महिनाभरानं लेकीचा पुन्हा फोन आला. "काका, बाबा शेवटी एक चाल घोळवत होते. मी कामात होते, माझं लक्ष नव्हतं. तुम्हाला ऐकवली म्हणाले होते. इथल्या चर्चमधल्या लेकरांना ती बसवावी म्हणतेय. तुमच्या तर सगळ्या ध्यानात असतात म्हणायचे बाबा."

सगळ्या असतात. पण त्या ध्यानात कशा असतात, हे मला तोवर कळलं नव्हतं. मी चाल धरतो ती दुसऱ्या कशाच्या तरी आधारानं. ही मावशीच्या लग्नातल्या बँडसारखी, ही आजोळच्या पोतराजासारखी. जिच्यासारखं काहीच नव्हतं, तिला ठेवायला माझ्याकडं जागाच नव्हती. महिनाभर मी आंघोळीला, गाडीवर, झोप येईपर्यंत ती धरून पाहत होतो. सुरुवात बरोबर व्हायची असं वाटतं. मग कुठल्या तरी वळणावर ती पायाखालच्या वाटेला लागायची आणि भलत्याच गावाला पोचायची.

तिला "आठवत नाही" म्हणवेना. मी फोन कानाशी धरून, दार लावून, जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी गाऊन दाखवलं. जमेल तसं, दोन्ही ओळी.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "चांगली आहे, काका. पण ही कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते."